शेवटचं कडवं शिकवायला काय घ्यावं: अभंग, गझल की सुनीत?

नववीच्या लेकरांना कवितेचं शेवटचं कडवं कसं वाचायचं हे एकाच तासात दाखवायचं, तर कविता कोणती निवडावी? मी तिन्ही घेऊन पाहिल्यात. कसोटी एकच: फळ्यावरच्या शेवटच्या ओळींवर डस्टर धरायचं अन् विचारायचं, काय हरवलं?

अभंगात बोलणारं माणूसच हरवतं. गंगाखेडच्या जनाबाईंची नाममुद्रा, म्हणजे अभंगाच्या शेवटी येणारी नावाची सही, बघा, 'नामयाची जनी'. स्वतःच्या आधी नामदेवांचं नाव. पैठणच्या एकनाथांची 'एका जनार्दनी', त्यात गुरू जनार्दनस्वामी. सहीतच नातं आलं. रूप तर बोटांवर मोजता येतं. मोठ्या अभंगात 6-6-6-4 अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. या दोन्ही मुद्रा मोजा, बरोबर 6, चरण भरला. 'नामा म्हणे' 4 च, म्हणून त्या चरणात अजून 2 अक्षरांची जागा उरते. "सर, जनी स्वतःच 'म्हणे जनी' कशी म्हणते?" असं एका पोरीनं विचारलं, त्यात अर्धा तास गेला. जाऊ दिला.

गझलेचा मक्ता, म्हणजे कवीचं नाव येतं तो शेवटचा दोन ओळींचा शेर, झाकला तर बाकीच्या शेरांचं काही बिघडत नाही. प्रत्येक शेर स्वतंत्र. पण मजा जाते. उर्दू कवी सिराज औरंगाबादींच्या 'खबर-ए-तहय्युर-ए-इश्क' या गझलेच्या मक्त्यात प्रेमाच्या आगीनं सिराजच्या हृदयाची राख होते, आणि सिराज म्हणजे दिवा! मात्र मराठी गझल घ्याल तर आधी बघा, पुष्कळ कवी मक्त्यात नाव घालतच नाहीत.

केशवसुतांनी मराठीत आणलेलं सुनीत, म्हणजे इंग्रजीतलं सॉनेट, 14 ओळींचं. कधी 8 आणि 6, कधी 12 आणि 2. दुसऱ्या घडणीत शेवटच्या 2 ओळी झाकल्या की कविताच अर्धवट राहते. अर्थाला कलाटणी कशी मिळते हे शिकवायला याच्याइतकं चांगलं काही नाही. पण अक्षरगणवृत्तातली संस्कृतप्रचुर भाषा उलगडण्यातच घंटा होते.

तेव्हा नववीला अभंग घ्या. कीर्तनामुळं लेकरांच्या कानात तो आधीच असतो. अकरावी-बारावीला सुनीत, वेळ उरला तर जोडीला एखादा मक्ता. आणि हो, डस्टर नको, पुठ्ठा धरा. माझी जनाबाई एकदा अशीच पुसली गेली होती.