पायथॉनचं एसएमटीपीलिब: कामाला पक्कं, पण सर्टिफिकेट आपणच तपासायला लावा

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांसाठी मी बिलिंगचे प्रोग्रॅम लिहितो. परदेशी गिऱ्हाइकाला इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट मेलनं आपोआप जाते. त्यासाठी पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेसोबतच येणारं, मेल पाठवणारं एसएमटीपीलिब वापरतो, उत्तरं वाचायला तसंच आयमॅपलिब. वेगळं काही टाकावं लागत नाही आणि दोन्ही वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतात.

माझा राग एकाच गोष्टीवर आहे. एसएमटीपीलिबमधलं कनेक्शन सुरक्षित करणारं 'स्टार्टटीएलएस' नुसतं कॉल केलं की कनेक्शन एन्क्रिप्ट होतं, पण समोरच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं डिजिटल ओळखपत्र, कुणी दिलं, त्यावर नाव कुणाचं, हे तपासलंच जात नाही. मध्ये बसलेल्या कुणीही स्वतः बनवलेलं सर्टिफिकेट पुढं केलं तरी चालतं, आणि पुढच्याच ओळीत लॉगिनचा पासवर्ड त्याच्या हाती जातो. एरर नाही, साधी वॉर्निंगसुद्धा नाही. ज्या मेलबॉक्समधून इन्व्हॉइस जातात, तो दुसऱ्याच्या ताब्यात गेला तर बँक खात्याचा नंबर बदललेलं इन्व्हॉइस आपल्याच पत्त्यावरून जाऊ शकतं. कंटेनरभर मालाचे पैसे आहेत हे!

वेबसाइटच्या कनेक्शनसाठी ही तपासणी 2014 मध्ये, पायथॉनच्या 2.7.9 आवृत्तीपासून आपोआप सुरू झाली. मेलला तेव्हा वगळलं, आणि 3.12 मध्येही ती आपणच मागून घ्यावी लागते.

मागायला एकच ओळ लागते. एसएसएल मॉड्यूलमधल्या 'क्रिएट डिफॉल्ट कॉन्टेक्स्ट'नं कॉन्टेक्स्ट (तपासणीच्या सेटिंग्जचा संच) बनवायचा आणि तो सर्व्हरच्या पोर्ट क्रमांक 587 वर स्टार्टटीएलएसला, 465 वर एसएमटीपी-एसएसएलला, 993 वर आयमॅपला द्यायचा.

यानंतर बऱ्याच जणांना 'होस्टनेम मिसमॅच', म्हणजे सर्व्हरचं नाव सर्टिफिकेटशी जुळत नसल्याची एरर दिसेल. शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांची डोमेन) कोडमध्ये आपलं डोमेन 'मेल' लावून लिहिलेलं असतं, सर्टिफिकेट मात्र होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरच्या नावाचं. एका होस्टिंग कंपनीच्या सपोर्टनं मला सरळ सांगितलं, "सर, व्हेरिफिकेशन ऑफ करा." करू नका! ओपनएसएसएल या टूलच्या 'एस क्लायंट' कमांडनं सर्टिफिकेटवरचं नाव बघा, ते होस्टिंगवाल्याच्याच सर्व्हरचं आहे याची त्यांच्याकडून खात्री करून घ्या आणि कोडमध्ये तेच नाव टाका.

कारखान्याचा स्वतःचा मेल सर्व्हर असेल आणि सर्टिफिकेट घरचंच असेल, तर त्याची फाइल कॉन्टेक्स्ट बनवताना 'सीएफाइल' म्हणून द्या. तपासणी चालूच राहते.

पाचपैकी साडेतीन. दीड गुण त्या गप्प बसण्याचे कापले.