एंजल साउंडचा संगीत विभाग : इम्प्लांटच्या कानासाठी सुरांचा मोफत रियाज

कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे श्रवणतंतूला विद्युत संकेत देणारे आणि शस्त्रक्रियेने कानात बसवलेले उपकरण, मिळाल्यावर बोलणे समजू लागले तरी गाणे मात्र ठेक्यापुरतेच ऐकू येते, ही मोठेपणी श्रवणशक्ती गमावलेल्या अनेकांची तक्रार असते आणि माझीही होती. अमेरिकेतील एमिली शॅनन फू फाउंडेशनने मोफत उपलब्ध करून दिलेल्या ‘एंजल साउंड’ या श्रवणसरावाच्या प्रणालीतील संगीत विभाग मी त्यासाठीच वापरू लागलो. स्वर, व्यंजने आणि वाक्ये ओळखण्याचे तिचे विभाग इंग्रजीत असल्याने मराठी घरात त्यांचा उपयोग मर्यादित आहे. सुरांना मात्र ती अडचण नाही.

हा सराव मुळात का लागतो, हे आधी पाहावे लागेल. निरोगी कानाच्या शंखाकृती भागात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे ३,५०० आंतर-केशपेशी असतात. त्यांचे काम इम्प्लांटमध्ये, कंपनीनुसार, १२ ते २२ इलेक्ट्रोड करतात. आवाजाचा कमी-जास्त जोर आणि त्याची लय एवढ्यावरही चांगली पोहोचते, म्हणून तबल्याचा ठेका जवळजवळ पूर्वीसारखा कळतो. पण सूर वर गेला की खाली, हे ठरवणारे बारीक तपशील वाटेतच गळतात. एंजल साउंडचा सुरांचा सराव नेमका याच दुबळ्या जागेवर बोट ठेवतो, आणि म्हणूनच तो मला सर्वांत मोलाचा वाटतो.

त्यात पाच स्वरांची एक छोटी आकृती वाजते आणि ती चढती, उतरती, सपाट की यांपैकी दोन चालींची जोडणी, हे पडद्यावरील नऊ पर्यायांतून निवडायचे असते. आपल्याकडील स्थायी, आरोही, अवरोही आणि संचारी वर्ण ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ही मांडणी परकी वाटणार नाही. लगतच्या स्वरांतील अंतर सुरुवातीला सा ते शुद्ध मध्यम एवढे मोठे ठेवता येते आणि पुढे सा ते कोमल रिषभ इतके लहान करता येते. चुकीचे उत्तर दिल्यास बरोबर आणि निवडलेली अशा दोन्ही आकृत्या पुन्हा ऐकवल्या जातात, आणि माझ्या मते खरे शिकणे या तुलनेतच होते. संशोधक जॉन गॅल्विन, चियान-जिए फू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीवर २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सरावानंतर इम्प्लांटधारकांची आकृती ओळखण्याची क्षमता सुधारल्याचे दिसले होते.

उणिवा आहेतच. या आकृत्यांत मींड नाही, आंदोलन नाही, तानपुऱ्याचा आधार नाही. सुटे, तुटक स्वर एकामागोमाग येतात, त्यामुळे रागदारीच्या जुन्या रसिकाला हा सराव कोरडा वाटेल, आणि तो तसा आहेच. यावर मी घरगुती तोड काढली आहे : प्रणालीवरचा सराव झाला की घरातील कोणीतरी हार्मोनियमवर तशाच आकृत्या वाजवते आणि मी पाठमोरा बसून त्या ओळखतो. इम्प्लांटधारकांना पियानोपेक्षा ऑर्गनवरील आकृती सोपी जाते, असे याच संशोधकांच्या २००८ मधील निबंधात आढळले होते. टिकून राहणाऱ्या स्वराच्या पेटीकडे वळण्याचे ते एक कारण. शिवाय पेटी वाजवणारा माणूस आपली अडचण पाहून थांबतो, हेही काही कमी नाही.

सरावापूर्वी ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) इम्प्लांटच्या प्रोसेसरमध्ये, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या बाहेरच्या भागात, संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम मागून घ्यावा, कारण गोंगाट दाबणारी सोय कधीकधी सुरांनाच गोंगाट समजते. दुसऱ्या कानाला श्रवणयंत्र असेल, तर या वेळेपुरते ते काढावे. अन्यथा खालच्या सुरांचे काम तो कानच करून टाकतो आणि इम्प्लांटला व्यायाम मिळत नाही.

या सरावाने मैफल पूर्वीसारखी ऐकू येईल, अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. माझा लाभ वेगळ्या ठिकाणी झाला. ‘तू जेवलास’ हे विधान आहे की प्रश्न, हे मराठीत बहुधा शेवटच्या सुरावरूनच ठरते, आणि फोनवर तो सूर मला आता पूर्वीपेक्षा अधिक वेळा पकडता येतो. मॅपिंग, म्हणजे इलेक्ट्रोडच्या पातळ्यांची व्यक्तीनुसार केलेली जुळवणी, अजून स्थिर झालेले नसेल, तर मात्र ते होईपर्यंत थांबावे, कारण दर नव्या मॅपनंतर आवाजाची ओळख थोडी बदलते आणि आधीच्या गुणांशी तुलना करण्यात अर्थ उरत नाही.