थेट समुद्राचं पाणी की शीतकरण मनोरा?

रत्नागिरी जिल्ह्यात साखरी नाट्याला मासेमारी करणाऱ्या मावसभावाने विचारलं, “जवळचा जैतापूरचा ९,९०० मेगावॉटचा अणुवीज प्रकल्प झालाच, तर अणुभट्टी थंड करायची कुठली पद्धत आपल्याला कमी बाधेल?”

आधी मासळीचं बघू. थेट पद्धतीत समुद्राचं पाणी एकदाच फिरवून कोमट झालेलं परत सोडतात. अणुभट्टीत विजेच्या जवळपास दुप्पट उष्णता वाया जाते, म्हणून पाणी प्रचंड लागतं. कोळंबीचं पिल्लू तांदळाच्या कणीएवढं, ते जाळीतून सरळ आत ओढलं जातं. नळांत कालवं धरू नयेत म्हणून क्लोरीनही घालतात. मला सर्वांत जास्त घोर अशा ओढल्या जाणाऱ्या पिल्लांचा आणि अंड्यांचाच आहे, कारण ती मेलेली कुणाच्या डोळ्यांना दिसत नाहीत. मनोऱ्यात तेच पाणी हवेने निववून पुन्हा पुन्हा फिरवतात, उपसा कितीतरी कमी. मात्र काही पाण्याची वाफ होते, म्हणून उरलेलं पाणी जास्त खारट होऊन समुद्रात जातं.

जमिनीवर उलटं आहे. मनोऱ्यातून उडणारे खारे तुषार हापूसच्या मोहोरावर बसू शकतात. थेट पद्धतीत ही भीती नाही.

खर्चात मनोरा महाग, आणि वीजही थोडी घटते.

पोट खाडीतल्या मासळीवर असेल तर मनोराच बरा. कलमांच्या बागा अगदी लागून असतील तर थेट पद्धत, पण पाणी ओढायचं आणि सोडायचं तोंड खाडीपासून लांब, खोल पाण्यात हवं.