प्रथिनांचा अहवाल खरा, पेंड मात्र कच्ची

सोलापूर परिसरात स्वतः मका भरडून आणि पेंड मिसळून ब्रॉयलरचे खाद्य तयार करणाऱ्या कुक्कुटपालकांनी पुढची गाडी उतरवून घेण्यापूर्वी हे वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एका व्यापाऱ्याने मला 'व्यवस्थित भाजलेली' म्हणून सोयाबीन पेंड विकली. सोबत दिलेल्या प्रयोगशाळेच्या अहवालात ४६ टक्के प्रथिने नोंदवलेली होती आणि तो आकडा खराच होता. फसवणूक नेमकी तिथेच होती, कारण प्रयोगशाळा नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणते आणि पेंड कच्ची असो वा भाजलेली, हे उत्तर जवळजवळ सारखेच येते. भाजण्याबद्दल त्या कागदावर एक अक्षरही नव्हते.

ती पेंड खाल्लेल्या पिल्लांची विष्ठा पातळ होऊ लागली, तुसाची गादी ओली राहू लागली, शेडमध्ये अमोनियाचा वास दाटला आणि खाद्य संपत असूनही वजन वाढेना. मेलेल्या पक्ष्यांचे शवविच्छेदन करताना पशुवैद्यकांनी सुजल्यासारखे मोठे झालेले स्वादुपिंड मला दाखवले. कच्च्या सोयाबीनमधील ट्रिप्सिनरोधक घटक प्रथिने पचवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) निकामी करतात; ती तूट भरून काढण्यासाठी स्वादुपिंड अधिकाधिक विकर स्रवत राहते आणि त्यात मेथिओनिन व सिस्टिन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले खर्ची पडतात, जी सोयाबीनमध्ये मुळातच कमी असतात. म्हणजे पक्षी खातो आणि तरीही उपाशी राहतो. हे रोधक वाफेच्या योग्य उष्णतेने नष्ट होतात, पण वाफेला इंधन लागते आणि तोच खर्च वाचवून माल माझ्या गळ्यात मारला गेला होता.

तक्रार केल्यावर व्यापाऱ्याने 'चांगली खरपूस' म्हणून गडद तपकिरी पेंड बदलून दिली. ही दुसरी फसवणूक होती. अति उष्णतेने लायसिन हे वाढीसाठी लागणारे अमिनो आम्ल शर्करेशी बांधले जाते आणि पक्ष्याच्या अंगी लागत नाही. विष्ठा सुधारली, वाढ मात्र खुंटलेलीच राहिली. पैसे परत मागितले, तेव्हा त्याने पुन्हा तोच प्रथिनांचा अहवाल पुढे केला.

म्हणून युरिएज (कच्च्या सोयाबीनमधील, उष्णतेने नष्ट होणारे विकर) आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधील प्रथिन विद्राव्यता (त्या द्रावणात किती प्रथिने विरघळतात ते) या दोन्ही चाचण्यांचे आकडे त्याच लॉटचे मागा. युरिएज चाचणीत सामूमधील (pH मधील) वाढ साधारण ०.०५ ते ०.२० असावी, त्याहून जास्त असेल तर पेंड कच्ची समजावी. विद्राव्यता सुमारे ७८ ते ८५ टक्के असावी आणि ७० च्या खाली गेल्यास पेंड करपलेली आहे, असे धरावे. गाडीपाशीच पाहायचे असेल, तर युरिया व फिनॉल रेड या रंग बदलणाऱ्या दर्शकाच्या द्रावणात पेंड भिजवून पाच मिनिटे थांबा. कणांवर सर्वत्र लाल रंग पसरला, तर माल उतरवू नका. बिलावर हे दोन्ही आकडे लिहून घ्या आणि दोघांच्या सहीचा सीलबंद नमुना पक्षी विकले जाईपर्यंत जपून ठेवा.