निळ्या कॅनवाल्यापासून सांभाळा

इथे मध्य प्रदेशात, लोकमान्य नगरातल्या आमच्या घरासमोर सासऱ्यांनी लावलेला गुलमोहर होता. त्याच्या मुळांनी फाटकापासून ओट्यापर्यंतचे पेव्हर ब्लॉक उचलले होते. मार्चमध्ये सासूबाई तिथे ठेच लागून पडल्या, मनगट मोडलं. त्यानंतर आम्हाला घाई झाली आणि त्याच घाईत मी फसले.

एप्रिलमध्ये निळा कॅन घेऊन एक जण दारावर आला. "काकू, मीही मराठीच, देवासचा." तेवढ्यावर मी त्याला आत बसवून चहा दिला. म्हणाला, मुळं बारा फूट खोल असतात, खोदून उपयोग नाही, औषध जिरवलं की आतल्या आत वाळतात, झाडाला काही होत नाही. वर दहा वर्षांची गॅरंटी. 28,000 सांगून 22,000 वर आला, 15,000 आधीच यूपीआयने घेतले. नगर निगमची परवानगी? "काढलीये ना." मोबाइलवर कुठल्याशा कागदाचा फोटो दाखवला, मी तो वाचलाही नाही. बिलावर नाव आणि फोन नंबर, पत्ता नाही.

सासूबाईंचं प्लास्टर काढून परतलो तर काम उरकलेलं. ब्लॉक सपाट, वर ताजी रेती. खाली काय केलं ते कोणीच पाहिलं नव्हतं. उरलेले 7,000 मी हातात दिले.

जूनच्या शेवटच्या वादळात रात्री झाड कंपाउंडच्या भिंतीवर कोसळलं. कोणाला लागलं नाही, हे नशीब. सकाळी पाहिलं तर घराकडची मांडीएवढी जाड दोन मुळं करवतीने सपाट कापलेली, खोडापासून जेमतेम दोन फुटांवर. भोवतीच्या मातीत निळसर-हिरवे डाग. शेतकी शिकलेला माझा मावसभाऊ बघताच म्हणाला, "ताई, हे मोरचूद आहे." मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. ते ड्रेनेजच्या पाइपात शिरलेली मुळं मारायला वापरतात, मातीत ओतलं तर वरच्या थरातच अडकून बसतं. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांतच असतात, कारण हवा-पाणी तिथे मिळतं. दरवर्षी ती जाड होतात आणि फरशी उचलतात. दीड फूट व्यासाच्या खोडापासून किमान साडेचार फुटांच्या आत मोठं मूळ कापायचं नसतं, नाहीतर झाडाचा आधारच जातो. त्यात आपली काळी माती, पावसात फुगून मऊ पडणारी.

झाड पाडायला मध्य प्रदेशात 2001 च्या कायद्याने परवानगी लागते. मुळांना हात लावण्याआधीही कोणी "काढलीये" म्हणालं, तर तो कागद घेऊन निगमच्या उद्यान विभागात स्वतः विचारा. आणि खड्डा बुजवण्याआधी स्वतः उभं राहून बघा, पैसे त्यानंतर.

मागच्या कडुलिंबाजवळचे ब्लॉक नंतर ओळखीच्या गवंड्याने केले. मूळ एकही कापलं नाही. रेती टाकून वाटेला हलका चढ दिला, खोडाभोवती चार फूट माती उघडी सोडली. 6,000 लागले.

त्या माणसाचा फोन बंद आहे. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार केली आहे. काल कळलं, मागच्या गल्लीतल्या काकांकडे निळा कॅन घेऊन कोणी आगाऊ पैसे मागून गेला, म्हणून आजच हे लिहायला बसले.