आयुष्यभराचा कार्बन: झाडं लावावीत की छतावर सोलर बसवावा?

भारतात दरडोई वर्षाला साधारण 2 टन कार्बन डायऑक्साइड निघतो. 70 वर्षांचे 140 टन. गाडी, एसी, विमानप्रवास असलेल्या शहरी घरात आकडा याहून बराच मोठा.

वाढलेलं झाड ढोबळमानाने वर्षाला 20 किलो शोषतं. म्हणजे एका माणसाच्या वर्षाच्या हिशोबाला 100 झाडं, तीही जगलेली. खरी गोम इथेच आहे. पावसाळ्यात रोप लावून फोटो काढणं सोपं. पुढचे दोन-तीन उन्हाळे आळं करून, पालापाचोळ्याचं आच्छादन घालून पाणी द्यायचं कोणी? डोंगरउतारावर तर उन्हाळ्याआधी जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढली नाही, तर एका वणव्यात सगळं संपतं आणि साठवलेला कार्बन पुन्हा हवेत जातो.

3 किलोवॅटचा सोलर वर्षाला अंदाजे 4000 युनिट देतो. आपली वीज मुख्यतः कोळशाची, युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे वर्षाला 2.8 टन वाचले. केंद्राच्या योजनेत 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि नेट मीटरमुळे किती वीज ग्रिडला (वीजपुरवठ्याच्या जाळ्याला) दिली ते बिलावर दिसतं. पॅनलवरची धूळ मात्र पुसत राहावी लागते.

पण सोलर हवेतला कार्बन काढत नाही, नवा जाऊ देत नाही एवढंच. ग्रिड स्वच्छ होत जाईल तसा हा फायदाही घटेल.

स्वतःचं छत असेल तर मी आधी सोलरच सांगेन. झाडं जरूर लावा, वड, करंज, कडुनिंब. पण सावलीसाठी, पाखरांसाठी. विमानाच्या तिकिटाची भरपाई म्हणून नको.