मायनेता: मत देण्याआधी उघडायची वेबसाइट

मायनेता ही वेबसाइट मी बरीच वर्षं वापरते आणि गोरेगावच्या आमच्या सोसायटीत जी विचारेल तिला वापरायला लावते. 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' ही संस्था ती चालवते. याच संस्थेच्या खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, म्हणून आज प्रत्येक उमेदवाराला शिक्षण, मालमत्ता, कर्ज आणि गुन्हे प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावे लागतात. ती सगळी माहिती इथे तक्त्यांत मांडलेली मिळते, तीही फुकट.

बहुतेक जणी मालमत्तेचा आकडा बघतात, 'अगं बाई!' म्हणतात आणि फोन ठेवतात. तिथे थांबू नका. उमेदवाराच्या पानावर त्याने आधी लढवलेल्या निवडणुकांचाही छोटा तक्ता असतो. त्यावरून २०१४, २०१९ आणि २०२४ ची पानं एकापाठोपाठ एक उघडा आणि पक्षाचं नाव वाचा. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी. धनुष्यबाण कुणाचा, घड्याळ कुणाचं, हे निवडणूक आयोगाने ठरवलं. पण हा माणूस मागच्या वेळी कुणाविरुद्ध मत मागायला आपल्या दारात आला होता, हे आपणच लक्षात ठेवायचं असतं, आणि त्याला ही जुनी पानं फार उपयोगी पडतात.

मात्र पक्ष बदलला म्हणजे तत्त्व सोडलंच, असं मी मानत नाही. मृणालताई गोरे आमच्याच गोरेगावच्या. समाजवादी पक्ष, मग जनता पक्ष, मग जनता दल, अशा पाट्या बदलत गेल्या. नळाच्या पाण्यासाठी भांडणारी, महागाईविरुद्ध बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर उतरवणारी बाई मात्र तीच राहिली. सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले, ते शेतकरी कामगार पक्षातूनच. दोघंही आपल्या शब्दाला जागले. नुसतं पक्षाचं नाव बघून हे कळत नाही. का बदलला, आणि बदलल्यावर कुणासाठी भांडला, हे आपणच शोधायचं.

गुन्ह्यांचंही तसंच. आकडा वाचून घाबरू नका, कलम वाचा. जुन्या भारतीय दंड संहितेतलं सरकारी आदेश मोडल्याचं कलम १८८ आणि फसवणुकीचं ४२० यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. मोर्चे काढणाऱ्याच्या नावावर पहिल्या प्रकारचे खटले असायचेच. साइट कलमानिशी माहिती देते, हे मला तिचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

उणिवाही आहेत. माहिती उमेदवाराने स्वतः लिहून दिलेली असते. खोटं लिहिलं तर कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, तरी ती आंधळेपणाने घेऊ नये. साइटवरचा मजकूर मुख्यतः इंग्रजीत आहे, त्यामुळे शेजारच्या आजींना मला वाचून दाखवावा लागतो. मूळ प्रतिज्ञापत्र मराठीत भरलेलं असेल तर ते निवडणूक आयोगाच्या साइटवर बघता येतं.

निवडून आल्यावर आमदाराने सभागृहात काय केलं, हे समजायला मुंबईकरांनी प्रजा फाउंडेशनचं आमदारांचं प्रगतिपुस्तक जोडीला घ्यावं. हजेरी किती, प्रश्न किती विचारले, कशाबद्दल विचारले, हे त्यात असतं. पण एखाद्या विधेयकावर आपल्या आमदाराने हात वर केला की नाही, हे बहुतेक वेळा कुठेच सापडत नाही. विधानसभेत बरीचशी विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात, नावानिशी नोंद राहत नाही. मला हे फार खुपतं. भाषणातली तत्त्वं खरी की खोटी, ते तिथेच तर उघड होणार!

माझ्याकडून पाचपैकी चार तारे. पूर्ण मराठी आवृत्ती काढा, पाचवा त्याच दिवशी देते. आणि बघायचं असेल तर अर्ज माघारीची मुदत संपल्यावर बघा, तेव्हा यादी पक्की झालेली असते.